मीटर खरा की ताई खरी

मित्रांनो, माझ्या काचेआड दोन सुया दिसतात म्हणून मला घड्याळ समजू नका. बरेच जण समजतात, आणि मग वेळ चुकीची दाखवतो म्हणून नावं ठेवतात. मी मीटर आहे, हौशी रेडिओवाल्यांचा, आणि आता चांगलाच म्हातारा झालो आहे. माझा काळा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे. एक रबरी पाय केव्हाच हरवला, त्या जागी खोडरबराचा तुकडा चिकटवलेला आहे. पण सुया अजून सरळ आहेत आणि आमच्यात तेवढं पुरतं.

हौशी रेडिओवाले म्हणजे कोण, ते आधी सांगतो. ही माणसं सरकारी परीक्षा देतात, परवाना मिळवतात आणि मग घरातल्या एखाद्या खोलीत रेडिओ मांडून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलत बसतात. खिशात फोन असताना हा उपद्व्याप कशाला, असं त्यांच्या घरचे विचारतात. त्याचं धड उत्तर यांच्यापैकी कोणी दिलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

रेडिओतून निघालेली शक्ती एका जाड केबलमधून गच्चीवरच्या अँटेनाकडे जाते आणि तिथून हवेत. मी रेडिओ आणि केबल यांच्या मध्ये बसतो. माझी एक सुई किती वॅट शक्ती गेली ते दाखवते आणि दुसरी सुई किती परत आली ते. हो, परतही येते. अँटेनाला जेवढी मानवत नाही तेवढी तो माघारी धाडतो. तुम्ही शाळेत डबा नेता ना? तो रिकामा परत आला की घरचे समजतात, पोराने पोटभर खाल्लं. परत आलेला डबा उघडून बघणं, एवढंच माझ्या दुसऱ्या सुईचं काम. दोन्ही सुया जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक आकडा छापलेला असतो. त्याला एसडब्ल्यूआर म्हणतात. एक आला तर काहीच परत आलं नाही, तीन आला तर माणूस कपाळाला हात लावतो. या आकड्यापायी चांगली शहाणीसुरती माणसं भर उन्हात गच्चीवर चढून तारा बोटभर कापतात, पुन्हा खाली येऊन माझ्याकडे बघतात आणि पुन्हा वर जातात.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. माझ्या पोटात फारसं काही नाही. तारेची दोन छोटी वेटोळी, चिमूटभर सुटे भाग आणि या दोन सुया. टेबलाच्या शेवटच्या टोकाला एक बाई बसत. आमच्यातल्या प्रत्येकाला त्या आपल्याजवळच्या पक्क्या मीटरशी जोडत आणि बारीक पेचकसाने स्क्रू एवढासा फिरवून सुई जुळवत. माझ्या वेळी त्यांना शिंक आली की काय कोण जाणे, पण मी अगदी किंचित जास्त दाखवतो.

त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझ्या खोक्यावरच छापलं होतं की पूर्ण मापाच्या दहा टक्के इकडेतिकडे चालतील. माझं पूर्ण माप दोनशे वॅट, म्हणजे मला वीस वॅटची मुभा. मग समोर शंभर वॅट असोत की तीस. तिसाच्या जागी मी पन्नास दाखवले तरी कागदोपत्री मी खराच. ही बारीक अक्षरं कोणी वाचत नाही आणि आम्हीही आपणहून वाचून दाखवत नाही.

मला घरी आणलं ते माझ्या आत्ताच्या मालकांच्या वडिलांनी. मी त्यांना मोठे मालक म्हणतो. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत रेडिओ, वर तीन मजले आणि त्यावर गच्ची. त्यामुळे आमची केबल घराच्या भिंतीवरून चांगली लांब चढत जाते. मोठ्या मालकांनी आपल्या दोन्ही मुलांना हा नाद लावला. आधी मुलीने परवाना काढला, मग मुलाने. मुलगी मोठी. तिला घरात सगळे ताईच म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. धाकट्याने पुढे दुकान सांभाळलं, तेच माझे आत्ताचे मालक.

ताई लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली. तिकडे तिने सामानाच्या पेट्या उघडायच्या आधी अँटेना उभारला. मग दर रविवारी सकाळी, ठरलेल्या वेळी आणि रेडिओवरच्या ठरलेल्या जागी, ती तिकडून हाक मारायची आणि मोठे मालक इकडून उत्तर द्यायचे. मी मध्ये बसून सुया हलवायचो. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मोठे मालक आजारी पडले. आजार वाढत गेला. ताई फोन करून विचारायची आणि माझे आत्ताचे मालक सांगायचे, सगळं बरं आहे, काळजी करू नकोस. तिला एवढ्या लांब उगाच घोर कशाला, असं त्यांना वाटायचं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी जवळून पाहिलं आहे. पण ताईला खरं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ती आली ती सगळं आटोपल्यावर. या खोलीत, माझ्या टेबलासमोर उभी राहून ती म्हणाली, "तू मला खोटं सांगत राहिलास." मालक म्हणाले, "खरं सांगितलं असतं तरी तू तिथे बसून काय करणार होतीस?" दोघांनीही ते वाक्य गिळायला हवं होतं. त्यानंतर त्यांचं फोनवर बोलणं बंद झालं.

रेडिओ मात्र बंद झाला नाही. पुढच्या रविवारी मालकांनी सवयीने रेडिओ लावला, तर नेहमीच्या जागी ताईची हाक आली. मालकांनी बोलायचं बटण दाबलं आणि उत्तर दिलं. मित्रांनो, रेडिओवर घरची भांडणं काढत नाहीत. जगभरातलं कोणीही ऐकत असतं, आणि तिथे फक्त आवाज कसा येतो, हवा कशी आहे, यंत्र कोणतं आहे, एवढंच बोलण्याची रीत आहे. त्या रीतीने या दोघांना मोठाच आधार दिला. ती सांगायची, तुझा आवाज स्वच्छ येतोय, इकडे ढगाळ आहे. हे सांगायचे, तुझाही स्वच्छ, इकडे ऊन आहे. एवढं बोलून दोघं निरोप घ्यायचे. मालकीणबाई चहा घेऊन दारात थांबायच्या. निरोप झाला की कप टेबलावर ठेवून काही न बोलता जायच्या. अशी बरीच वर्षं गेली. मला विचाराल तर बहीणभावात उरलेला धागा तेवढाच होता, आणि तो माझ्या पोटातून जात होता.

याच काळात माझी कीर्ती वाढली. आमचा एसडब्ल्यूआर पूर्वी पावणेदोन असायचा. वाईट नाही, पण मिरवण्यासारखाही नाही. तो आपोआप सुधारायला लागला. एका पावसाळ्यानंतर दीड झाला, मग सव्वा, आणि शेवटी तर परतीची सुई जागची हलेनाशी झाली. मालकांनी अँटेनाला हातसुद्धा लावला नव्हता. त्यांचे एक रेडिओमित्र आहेत, लिफ्ट दुरुस्त करतात. सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणतात. ते माझ्यासमोर मान डोलवत म्हणायचे की अँटेना हवेत मुरला की असाच गोड होतो. मालक खूश व्हायचे, आलेल्यागेलेल्याला माझा आकडा दाखवायचे. मीही फुगलो होतो, कशाला नाही म्हणू?

पण तिकडे ताईचं म्हणणं बदलायला लागलं. आधी ती म्हणाली की तुझा आवाज जरा खोल जातोय. मग म्हणाली, मध्येच तुटतोय. मग एका रविवारी तिने हाक मारली, मालकांनी उत्तर दिलं आणि तिने पुन्हा हाक मारली. तिला ते ऐकूच आलं नव्हतं. मालकांना मात्र तिचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. शंभर वॅट जात होते आणि काही परत येत नव्हतं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच.

मग एके दिवशी ते मालकीणबाईंना म्हणाले, "मीटर सगळं ठीक दाखवतोय. तिला ऐकू येतं. तिला बोलायचं नाहीये." मालकीणबाईंनी फोन करून विचारा असं सुचवलं. मालकांनी ते कानाआड केलं.

त्यानंतर ताईची हाक आली की मालक नुसते बसून ऐकायचे. बोलायचं बटण दाबायचेच नाहीत. ताई हाक मारायची, थांबायची, परत हाक मारायची, आणि शेवटी रीतीप्रमाणे निरोप घेऊन जायची. बटणच दाबलं नाही तर मला मोजायला काय असणार? माझ्या सुया पडून राहायच्या. मला त्या रविवारांची अजून आठवण नको वाटते.

मालकांच्या मनात मात्र किडा वळवळत होता. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस, त्याला मोजल्याशिवाय चैन कशी पडावी? मीटरच चुकत असला तर? रेडिओतून मुळात कमी शक्ती जात असेल आणि हा म्हातारा शंभर म्हणून दडपून सांगत असेल तर? तसं असेल तर ताई खरी. मीटर खरा असेल तर ताई खोटी. म्हणजे बघा, मित्रांनो, माझी परीक्षा ठरली ती ताईवर निकाल देण्यासाठी.

मित्रांना त्यांनी एवढंच सांगितलं की सगळ्यांचे मीटर एकदा शेजारी ठेवून ताडून बघू. रेडिओवाल्यांना असलं निमंत्रण म्हणजे मेजवानीच. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी लिफ्टवाले आपले दोन मीटर घेऊन आले. दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्याही परवानाधारक. त्यांच्याकडे नवाकोरा मीटर होता, सुई नसलेला, पडद्यावर लखलखीत आकडे दाखवणारा. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानेही माझ्याकडे बघितलं नसावं.

परीक्षा मात्र रीतसर झाली, त्याबद्दल मी कोणाला बोल लावणार नाही. अँटेना काढून त्या जागी शक्ती गिळून नुसता गरम होणारा एक ठोकळा लावला. त्याला ही मंडळी डमी लोड म्हणतात. रेडिओ तोच, केबलचा तुकडा तोच, आणि एकेक मीटर पाळीपाळीने मध्ये बसवायचा. डॉक्टरीणबाईंच्या नव्या मीटरने अठ्ठ्याण्णव वॅट दाखवले. लिफ्टवाल्यांच्या मोठ्या मीटरने पंचाण्णव. त्यांच्या छोट्या मीटरने एकशे अठरा दाखवले तेव्हा सगळे हसले. लिफ्टवाल्यांनी त्याची बाजू घेतली. म्हणाले, आमचा हा दिलदार आहे, हातचं राखून दाखवत नाही.

मग मी बसलो. एकशे चार. पुढे तसाच आणखी एक ठोकळा आणून दोन्ही एकत्र जोडले. तसं केलं की एसडब्ल्यूआर दोन यायला हवा, हे या लोकांना पाठ असतं. माझ्या सुया दोनच्या रेघेवर एकमेकींना छेदून उभ्या राहिल्या. लिफ्टवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एवढ्या वयात असा खणखणीत मीटर आजकाल मिळत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते.

मालकांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. केबलचा तुकडा बदलून बघितला, तरी तेच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की मीटर खरा निघाला तर माणूस खूश होतो, तुम्ही तोंड का पाडून बसलात? उत्तर दिलं ते चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मालकीणबाईंनी.

"मीटर खरा, म्हणजे ताई खोट्या. हेच ठरवायचं होतं ना यांना?"

खोलीत कोणी कप उचलेना. लिफ्टवाले आपल्या दिलदार मीटरची वायर गुंडाळायला लागले. मालकीणबाई शांतपणे पुढे म्हणाल्या, "तुम्ही सगळे मीटर याच टेबलावर लावलेत. निकाल लावायचाच असेल तर एकदा त्यांच्या बाजूनं मोजा."

मालक चिडले. ताईची बाजू समुद्रापलीकडे आहे, तिथे जाऊन मोजू का, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ताईची बाजू समुद्रापलीकडे नव्हती. ती तीन मजले वर, केबलच्या दुसऱ्या टोकाला सुरू होत होती. तिथे इतक्या वर्षांत कोणी काही मोजलं नव्हतं. दुकानात हेच मालक गिऱ्हाइकाला रोज सांगतात की खुर्ची पुढे ओढू नका, जवळून काय कोणालाही वाचता येतं.

वर कोणाला न्यायचं? गच्चीवर विजेचा बोर्ड नाही. नव्या मीटरला प्लग लागतो. मला काही लागत नाही, मोजायची जी शक्ती येते तिच्यातूनच मी चिमूटभर घेऊन सुया हलवतो. मालकांनी मला काखोटीला मारलं आणि जिना चढले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच गच्ची बघितली. माझ्या जागी खाली डॉक्टरीणबाईंचा मीटर बसला. बटण दाबायला लिफ्टवाले खाली राहिले आणि डॉक्टरीणबाई जिन्याच्या मधल्या मजल्यावर निरोप्या म्हणून उभ्या राहिल्या.

केबलच्या वरच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मालकांनी हात लावताच तिचे तुकडे पडले. जोड उघडला तर आतून पाणी ओघळलं. तांबं हिरवं पडलं होतं. मालकांनी ते टोक पुसून मला जोडलं, माझ्या पुढे अँटेना जोडला आणि खाली ओरडून सांगितलं, दाबा.

खालून डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, नव्व्याण्णव जातायत. माझी सुई जेमतेम उठली. मालकांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. अडकली नव्हती. मग त्यांनी माझं बटण फिरवून मला लहान मापावर आणलं, वीस वॅटच्या. सुई बारावर थांबली. शंभरातले बारा. आणि परतीची सुई तीनवर. अँटेनाचा स्वतःचा जोडही गंजला होता, तो त्या बारातलेही तीन माघारी धाडत होता. दोन्ही सुया एसडब्ल्यूआरच्या तीनच्या रेघेवर छेदल्या.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. डबा वाटेतच फस्त होत होता. पाण्याने कुजलेली केबल जाताना शंभरातले अठ्ठ्याऐंशी खात होती आणि परत येणारे तीनही जवळजवळ सगळे खात होती. खाली मला डबा रिकामाच मिळायचा आणि मी सांगायचो, पोटभर जेवण झालं. केबल जितकी कुजली तितका माझा आकडा गोड होत गेला. मालकांना ताई ऐकू यायची त्यातही नवल नव्हतं. कुजकी केबल ताईच्या आवाजाबरोबर हवेतली खरखरही तेवढीच खाते, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. जायचं तेवढं जात नव्हतं आणि यायचं ते येत होतं.

लिफ्टवाले धापा टाकत वर आले. असला झकास बिघाड आपण जन्मात बघितला नाही म्हणाले. उद्याच नवी केबल आणतो, आपण दोघं मिळून ओढू, असं त्यांचं चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी मालकांकडे बघितलं आणि लिफ्टवाल्यांना चहा निवतोय म्हणून खाली नेलं.

मालक गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसले. मी शेजारी. थोड्या वेळाने मालकीणबाई आल्या आणि त्यांनी फोन पुढे केला.

"केबल उद्या येईल. फोन आत्ता आहे."

मालकांनी नंबर लावला. फोन स्पीकरवर ठेवून बोलायची त्यांची सवय, म्हणून पुढचं मला ऐकता आलं. पलीकडे लगेच उचलला गेला.

"काय झालं?" ताई म्हणाली. "सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मालक म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "खरंच बरे आहेत, ताई. या वेळी खरंच."

मालकांनी घाईघाईने केबलचं सांगितलं, पाणी गेलं होतं, शंभरातले बाराच वर पोचत होते. ताई म्हणाली की आवाज खोल जातोय हे तिने केव्हाच सांगितलं होतं. पुढे तर तिला वाटलं, त्याने रेडिओ काढूनच टाकला. तरी ती दर रविवारी हाक मारत होती.

"मला ऐकू येत होतं," मालक म्हणाले. "दर रविवारी. अगदी स्वच्छ. मला वाटलं, तू मुद्दाम ऐकू येत नाही म्हणतेस. म्हणून मी उत्तर देणं सोडलं."

"बाबांच्या वेळी मी तुला खोटा म्हटलं," ताई म्हणाली. "आता तू मला. झाली फिट्टंफाट."

मालक रडत होते. रविवारी नवी केबल लावून हाक मारतो, असं काहीतरी ते कसंबसं म्हणाले.

"रविवार राहू दे," ताई म्हणाली. "ते रेडिओवर नाही बोलता येत. आत्ता सांग. शेवटच्या दिवसांत बाबा काय काय म्हणायचे? मला ते कोणी सांगितलंच नाही रे."

मालक सांगायला लागले. मालकीणबाई हळूच खाली निघून गेल्या. गच्चीवरचं ऊन उतरेपर्यंत मालक सांगत होते आणि ताई मध्ये मध्ये विचारत होती. ते सगळं मी ऐकलं, पण ते त्या दोघांचं आहे, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

आता नवी केबल आली आहे. अँटेनाचा जोडही नवा केला आहे. माझा एसडब्ल्यूआर पुन्हा पावणेदोन झाला. लिफ्टवाले हळहळतात, मालक मात्र तो आकडा आलेल्यागेलेल्याला आनंदाने दाखवतात. दर पावसाळ्याआधी गच्चीवर जाऊन जोड उघडायचा, पुसायचा आणि नवी पट्टी गुंडाळायची, हा आता त्यांचा नेम आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याची धूळ पुसा, त्याला पावसापासून जपा. त्याने खरं सांगितलं तर शाबासकी द्या. पण मी किंवा माझा कोणीही भाऊबंद जिथे बसतो तिथलंच सांगतो, त्यापुढचं आम्हाला दिसत नाही. म्हणून लांबचं आपलं माणूस म्हणालं की मला ऐकू येत नाही, तर माझ्याकडे बघून त्याला खोटं ठरवू नका. आधी त्याचं खरं धरा आणि जिना चढा.